बालकाची वाढ आणि वाङ्मयाची दृष्टि

मूल वाढतें तें दोन रीतींनीं. कांहीं गोष्टी त्याला येऊं लागतात आणि कांहीं गोष्टी तें सोडूं लागतें. पहिल्या प्रकारच्या वाढीचा हिशेब आमच्या मध्यमवर्गीय घरांतून मोठ्या आस्थेनें ठेवला जातो. बाळ पालथें केव्हां पडलें, आधारावांचून बसलें केव्हां, पहिला दांत कोणत्या महिन्यांत दिसला, उष्टावणाच्या दिवशीं चांदीच्या वाटींतली खीर त्यानें गिळली कीं थुंकून टाकली, पहिलें पाऊल आजोळीं पडलें कीं स्वतःच्या घरीं, हें सर्व आईला आणि आजीला वर्षानुवर्षें पाठ असतें. बारसें, कान टोचणें, उष्टावण, जावळ, बोरन्हाण असे सोहळेहि या हिशेबाला लागून आहेत. दुसऱ्या प्रकारच्या वाढीचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं. मुलाचें अंगावर पिणें कोणत्या दिवशीं सुटलें, अंगठा तोंडांतून कायमचा बाहेर केव्हां आला, निजतांना मुठींत धरावयाची जुनेराची चिंधी त्यानें कोणत्या रात्रीं मागितली नाहीं, हें विचारलें तर घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. आणि कांहीं आठवण असलीच, तर ती बहुधा कडुनिंबाचा पाला वाटून लावल्याची, चिंधी लपवून ठेवल्याची किंवा चारचौघांत मुलाला हंसल्याची असते.

वाङ्मयांतहि स्थिति फारशी निराळी नाहीं. बालकाच्या कौतुकाचें काव्य विपुल आहे. बालकाच्या त्यागाचें काव्य विरळ. ‘त्याग’ हा भारदस्त शब्द दोन-तीन वर्षांच्या मुलाला लावलेला पाहून कांहीं वाचक हंसतील. परंतु ज्या वस्तूच्या आधारावांचून झोंप येत नाहीं ती वस्तु आपण होऊन खालीं ठेवणें हें कोणत्याहि वयांत सोपें नसतें. तपकीर किंवा चहा सोडूं पाहणाऱ्या वडील माणसांना तरी हें सांगावयास नको. तेव्हां या लहानशा घटनेकडे निरनिराळ्या भाषांतील ग्रंथकारांनीं कसें पाहिलें, आणि त्यांपैकीं कोणाच्या दृष्टीला मूल खरोखर दिसलें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

येऊं लागण्याच्या वाढीचें सर्वांत सुव्यवस्थित काव्य आमच्या देशांत तमिळ भाषेंत झालें. ‘पिळ्ळैत्तमिळ’ या नांवाचा तेथें एक स्वतंत्र काव्यप्रकारच आहे. देव, राजा किंवा संत यांना बालक कल्पून त्यांच्या बालपणाचे दहा टप्पे कवीनें गावयाचे, प्रत्येक टप्प्याला साधारण दहा पद्यें द्यावयाचीं, असा त्याचा आराखडा. पहिल्या टप्प्यांत देवतांकडे बालकाच्या रक्षणाची याचना. नंतर एक गुडघा टेकून, दोन्ही हात जमिनीवर ठेवून मान डोलविणारें मूल. मग अंगाई, टाळ्या वाजविणें, मुका मागणें, ‘ये, ये’ म्हणून चालावयास बोलावणें, चंद्राला खेळावयास हांक मारणें. आणि शेवटीं मुलगा असल्यास वाळूचीं घरकुलें, लहानसा ढोल व लहानसा रथ. एका गणनेप्रमाणें हे टप्पे तिसऱ्या महिन्यापासून एकविसाव्या महिन्यापर्यंत दोन-दोन महिन्यांच्या अंतरानें येतात. बाराव्या शतकांतील ओट्टक्कूत्तर या कवीनें कुलोत्तुंग चोळ राजावर असें काव्य रचिलें, आणि सतराव्या शतकांत कुमरगुरुपरर यांनीं मदुरेच्या मीनाक्षीवर रचिलेलें काव्य तर या प्रकाराचा मुकुटमणि मानला जातो. तें काव्य चाललें असतां देवी स्वतः लहान मुलीच्या रूपानें येऊन राजाच्या मांडीवर बसली, अशी त्याविषयींची आख्यायिका आहे.

या काव्यप्रकाराचा मोठेपणा असा कीं, मूल टाळी वाजवितें ही घटना काव्याचा विषय होण्याइतकी मोठी आहे असें त्यानें शास्त्र करून सांगितलें. वाळूच्या घरकुलांच्या प्रसंगीं लहान मुली त्या बालदेवाला विनवितात कीं, आमचीं घरें पायानें मोडूं नकोस. विश्वाचा पालनकर्ता आणि तरीहि दुसऱ्याचा खेळ मोडणारा द्वाड मुलगा, हीं दोन रूपें एकाच ठिकाणीं पाहण्याची ही कला खरोखर अपूर्व आहे. तथापि या दहा टप्प्यांतील प्रत्येक टप्पा मिळकतीचा आहे. अकरावा, सोडण्याचा टप्पा त्यांत नाहीं. देवाला कांहीं सोडावयास कोण सांगणार? याच परंपरेच्या आरंभीं उभे असलेले पेरियाळ्वार यशोदेच्या भूमिकेंतून कृष्णाला अंगावर पिण्यास बोलावितात, न्हाऊं घालतात, कान टोंचावयास त्याला चुचकारतात. परंतु ‘आतां पुरे’ हा शब्द त्या भक्ताच्या ओठांवर येत नाहीं. यांत त्यांचा दोष नाहीं. त्यांना हवें होतें तें न संपणारें बालपण. पण न संपणाऱ्या बालपणाच्या काव्यांत वाढणाऱ्या मुलाचें चित्र अर्धेंच उतरावयाचें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दोन-दोन महिन्यांचा हा क्रम कवीचा संकेत होता. कोणा मातेनें त्यावरून आपल्या बाळाची परीक्षा घेतली नसेल. आजच्या सुशिक्षित घरांत मात्र डॉक्टरांच्या तक्त्याकडे याच्या उलट दृष्टीनें पाहिलें जातें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत भारतासह पांच देशांतील आठशेंहून अधिक निरोगी मुलांचें बसणें, रांगणें, उभें राहणें व चालणें पाहण्यांत आलें होतें. आधारावांचून चालूं लागण्याचा काळ त्यांत सुमारें आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला, आणि शंभरांतील चार मुलें तर हातगुडघ्यांवर रांगलींच नाहींत. म्हणजे शास्त्र मोठें अंगण आंखून देतें, आणि आम्ही त्यांत एकच रेघ शोधतों. शेजारचें मूल अकराव्या महिन्यांत चाललें म्हणून आपल्या तेरा महिन्यांच्या मुलाला पांगुळगाड्याला जुंपणाऱ्या मातापित्यांनीं तमिळ कवीपासून एवढें तरी शिकावें कीं, टप्पा हा आनंदासाठीं असतो, तपासणीसाठीं नव्हे.

सोडण्याच्या प्रसंगाकडे धिटाईनें वळणारा कवि आम्हांस व्रजभाषेंत भेटतो. सूरदासांच्या नांवावर असलेल्या ‘सूरसागरां’त बाळकृष्णाचीं शेंकडों पदें आहेत, दूध पिऊन शेंडी वाढेल या आईच्या वचनावर विसंबलेला आणि ती वाढत नाहीं म्हणून रुसलेला कृष्ण तर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच ग्रंथांतील एका कमी प्रसिद्ध पदांत यशोदा कृष्णाचें अंगावरचें पिणें तोडूं पाहते. तिचा युक्तिवाद आजच्या कोणत्याहि चाळींत किंवा सदनिकेंत ऐकूं यावा असा आहे. आतां तूं मोठा झालास, असें ती आरंभीं म्हणते. मग व्रजांतलीं पोरें पाहतील, तुला लाज कशी वाटत नाहीं, असें टोंचते. मग तुझे हे चांगले दांत बिघडतील, असें भय घालते. आणि शेवटीं माझें ऐक, अजून तरी सोड, असें आर्जव करते. मोठेपणा, लाज, भीति आणि आर्जव, या चार उपायांपलीकडे जगांतील कोणत्याहि आईजवळ पांचवा उपाय नसतो. आणि एवढें ऐकून कृष्ण काय करतो? तो हंसतो, आणि त्याचें तोंड आईच्याच पदराआड जातें.

पद येथेंच संपतें. कृष्णानें सोडलें कीं नाहीं, हें कवि सांगत नाहीं. आमच्या मतें कवीची खरी पारख या न सांगण्यांत आहे. यशोदेचा उपदेश योग्य आहे, हें कवीला मान्य आहे. तो तिला हंसत नाहीं. मुलाचें न ऐकणेंहि त्याला मान्य आहे. तो त्याला वाईट ठरवीत नाहीं. जिच्यापासून दूर होण्याचा धडा चालला आहे तिच्याच पदरांत तोंड लपवून मूल तो धडा ऐकत आहे, हें त्यानें पाहिलें आणि लेखणी खालीं ठेवली. लाज वाटावी म्हणून जो शब्द उच्चारला, त्या लाजेपासूनचा आसराहि पुन्हा आईच. सोडणें शिकण्यासाठीं कोणाला तरी धरून राहावें लागतें, ही गोष्ट पुढें मानसशास्त्रानें बहुत परिश्रमानें सांगितली. या पदांत ती दोन-चार ओळींत दिसून जाते.

याच्या अगदीं समोर ठेवण्याजोगी कृति जर्मनींत निर्माण झाली. फ्रँकफुर्ट येथील डॉक्टर हाइन्रिख हॉफमन यांना १८४४ च्या नाताळांत आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं मनासारखें चित्रांचें पुस्तक मिळेना. तेव्हां त्यांनीं कोरी वही आणून त्यांत स्वतःच पद्यें लिहिलीं आणि चित्रें काढलीं. तें पुस्तक १८४५ सालीं प्रसिद्ध झालें आणि ‘श्ट्रुव्वेलपेटर’ या नांवानें जगभर गेलें. त्यांत अंगठा चोखणाऱ्या कोनराड नांवाच्या मुलाची गोष्ट आहे. आई बाहेर जातांना त्याला बजावते कीं, अंगठा तोंडांत घालूं नकोस, नाहींतर शिंपी येऊन आपल्या कात्रीनें तो कापील. आई दाराबाहेर पडते, अंगठा तोंडांत जातो, दार उघडतें, शिंपी उडी मारून आंत येतो, आणि प्रचंड कात्रीनें दोन्ही अंगठे कापून टाकतो. आई परत येते तों मुलगा अंगठे नसलेले हात घेऊन उभा.

हॉफमन यांच्याविषयीं अन्याय होऊं नये. आजारी मुलें डॉक्टरला पाहून रडूं लागत तेव्हां हेच गृहस्थ कागदावर चित्रें काढून त्यांना शांत करीत. पुढें १८५१ पासून फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयाचें प्रमुखपदहि त्यांनीं सांभाळलें. त्यांची गोष्ट इतकी अवास्तव आहे कीं, ती वाचून पुष्कळ मुलें भिण्याऐवजीं खिदळलीं असतील. नीतिपाठांच्या कंटाळवाण्या पुस्तकांपेक्षां तिच्यांत जीव आहे, हेंहि खरें. तरी वाङ्मय म्हणून तिची परीक्षा केली असतां एक मोठी उणीव दिसते. कोनराडच्या मनांत काय आहे, याची या गोष्टीला जिज्ञासाच नाहीं. आई घराबाहेर पडतांच अंगठा तोंडांत गेला, ही गोष्ट कवीनें अचूक टिपली; पण आई गेली आणि म्हणून अंगठा गेला, हा संबंध त्याच्या ध्यानांत आला नाहीं. त्याला तेथें आज्ञाभंग दिसला, एकटेपण दिसलें नाहीं. शिवाय गोष्टीच्या शेवटीं मुलानें कांहींच सोडलेलें नाहीं. त्याच्याजवळून तें काढून घेतलें आहे. सूरदासांच्या पदांत मूल हट्टी राहिलें तरी पूर्ण मूल राहतें. येथें तें आज्ञाधारक झालें, पण चित्रांत हात तुटके राहिले.

हॉफमन यांची कात्री पुस्तकांतच राहिली असती तर फारसें बिघडलें नसतें. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्त्य देशांत मुलांच्या अंगठ्यांवर चढविण्याच्या धातूच्या टोप्या विकल्या जात होत्या, आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनीं १९२८ च्या आपल्या बालसंगोपनावरील ग्रंथांत मातांना असा सल्ला दिला कीं, मुलांना कुरवाळूं नये, मांडीवर बसवूं नये, फार तर रात्रीं कपाळाचा एक मुका घ्यावा आणि सकाळीं हस्तांदोलन करावें. हें शास्त्र फार दिवस टिकलें नाहीं. १९५८ सालीं हॅरी हार्लो यांनीं माकडांच्या आईवेगळ्या पिलांवरील आपले प्रयोग जगापुढें मांडले. तारेची आई दूध देत असली तरी पिलें मऊ कापडाच्या आईला बिलगून राहत, असें त्यांत दिसलें. त्याच्याहि पूर्वीं, १९५१ सालीं, लंडनचे बालवैद्य डोनाल्ड विनिकॉट यांनीं एका निबंधांत मुलाच्या हातांतील चिंधी, गोधडीचें टोंक किंवा कापसाचा प्राणी यांना शास्त्राच्या दरबारांत प्रथमच मानाची जागा दिली. त्यांच्या विवेचनाचें सार असें: ही वस्तु म्हणजे आई नव्हे आणि निव्वळ कापडहि नव्हे, आई आणि जग यांच्या मधल्या प्रदेशांत मुलानें ती उभी केली आहे. ती तूं निर्माण केलीस कीं तुला सांपडली, असा प्रश्न मोठ्यांनीं मुलाला विचारावयाचा नसतो. पुढें केव्हां तरी तिचा अर्थ ओसरून जातो. मूल तिच्यासाठीं शोक करीत नाहीं आणि तिला खऱ्या अर्थानें विसरतहि नाहीं. तो मधला प्रदेश मात्र नाहींसा होत नाहीं. खेळ, कला, धर्म, वाङ्मय यांच्या रूपानें तो आयुष्यभर पसरत राहतो.

हें विवेचन बरोबर असेल तर वाङ्मयाच्या उपासकांवर एक नैतिक जबाबदारी येऊन पडते. जो मनुष्य रात्रीं कादंबरीचीं चार पानें वाचल्यावांचून निजूं शकत नाहीं, त्यानें चिंधीवांचून न निजणाऱ्या मुलाची थट्टा कोणत्या अधिकारानें करावी?

इंग्रजी बालवाङ्मयानें हा मधला प्रदेश शास्त्राच्या आधींच ओळखला होता. मार्जरी विल्यम्स यांच्या १९२२ सालच्या मखमली सशाच्या कथेंत एका मुलाला लोहितांग ज्वर येतो. तो बरा होतो, पण रोज कुशींत घेतलेला ससा जंतूंनीं भरला म्हणून जाळण्याची डॉक्टर आज्ञा करतात. कथा सशाच्या बाजूनें सांगितली आहे. सशाच्या डोळ्यांतून खरा अश्रु येतो, परी प्रकट होते, आणि तो जिवंत ससा होऊन रानांत जातो. पुढें मुलगा त्याला पाहतो. हा माझ्या जुन्या सशासारखा दिसतो, एवढेंच त्याच्या मनांत येतें. ही शेवटची जागा खरी आहे. मूल पुढें निघून जातें आणि ओळखहि धूसर होते, हें लेखिकेनें न बिचकतां सांगितलें. तथापि परी आणून तिनें आपले अश्रु सुकविले आहेत. ज्याची वस्तु एका सकाळीं न विचारतां नाहींशी झाली त्या मुलाच्या रात्रीचें वर्णन तिनें टाळलें.

ए. ए. मिल्न यांचें यश अधिक खोल आहे. पू नांवाच्या अस्वलाच्या कथा १९२६ व १९२८ सालीं दोन पुस्तकांत आल्या. दुसऱ्याच्या शेवटच्या प्रकरणांत ख्रिस्तोफर रॉबिन हा मुलगा रान सोडून कोठें तरी जाणार आहे. कोठें, हें स्पष्ट शब्दांत येत नाहीं; पण शाळा त्याच्यापुढें उभी आहे हें वाचकाला कळतें. आतां आपल्याला कांहीं न करण्याचें सुख मिळणार नाहीं, हें तो आपल्या अस्वलाला समजावूं पाहतो, आणि त्याच्याकडून न विसरण्याचें वचन घेतो. गंमत अशी कीं, निघून जाणारा मुलगाच वचन मागतो, आणि जें काय चाललें आहे तें त्या भाबड्या अस्वलाला पुरतें कळतहि नाहीं. येथें कात्री नाहीं, कडुनिंब नाहीं, लाज घालणारें कोणी नाहीं. सोडणें हें मुलाचें स्वतःचें कृत्य आहे. पण याहि चित्राला एक पडछाया आहे. निरोपाची ती हुरहूर खऱ्या मुलाची कीं बापाची? ज्याच्यावरून ती व्यक्तिरेखा घेतली त्या ख्रिस्तोफर मिल्न यांनीं १९७४ सालच्या आपल्या आठवणींत या कीर्तीचा जाच सांगितला आहे. शाळेंत सोबती त्यांना त्याच पुस्तकांवरून चिडवीत. त्यांचीं तीं खेळणीं १९४७ सालीं अमेरिकेस गेलीं आणि १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत कांचेआड आहेत. मुलानें जें सोडलें तें जगानें सोडूं दिलें नाहीं. बालपणाचें कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखकानें, आणि आतां आपल्या मुलांचीं छायाचित्रें जगापुढें टांगणाऱ्या प्रत्येक मातापित्यानें, हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आतां आमच्या मराठीकडे वळूं. मराठी संतांनीं आई आणि लेकरूं या नात्याचा जितका उपयोग केला तितका फार थोड्या भाषांत झाला असेल. विठ्ठल माउली, ज्ञानेश्वर माउली, आणि भक्त म्हणजे तिच्या अंगावरचें तान्हें. परंतु या रूपकाचें मर्मच असें आहे कीं, लेकरानें मोठें होऊं नये. तान्हेपण हीच तेथें परमसिद्धि. त्यामुळें ज्या वाङ्मयावर आमच्या पिढ्या वाढल्या त्यानें आईच्या वात्सल्याला अमर भाषा दिली. मुलाच्या दूर जाण्याला मात्र दिली नाहीं. पाळणे आणि अंगाईगीतें हीं तर जात्याच निजविण्याचीं गाणीं. जागें होऊन मांडीवरून उतरणाऱ्या मुलाशीं त्यांना कर्तव्य नाहीं.

याला एक ठळक अपवाद साने गुरुजींचा. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाला भावविवश म्हणण्याची एके काळीं प्रथा पडली होती. पण त्यांतले दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहावेत. न्हाऊन झालेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागूं नये म्हणून आई आपलें लुगडें दगडावर पसरते, आणि पायांना जपतोस तसें मनालाहि जप, असें सांगते. आणि तीच आई पोहण्याच्या भीतीनें दडून बसलेल्या श्यामला शिमटीनें मारून विहिरीकडे धाडते. आजच्या वाचकाला ती शिमटी बोंचेल, आणि आम्हांसहि ती बोंचते. भित्रा म्हणून मुलाला लोकांनीं हंसूं नये, यासाठीं घरांत मारणें हा मार्ग आम्ही कोणास सांगणार नाहीं. परंतु पायाखालीं लुगडें पसरणारी आईच मुलाला पाण्यांत ढकलते, या दोन गोष्टी एकाच मायेंतून निघतात, हें मराठी गद्यांत इतक्या साधेपणानें क्वचितच सांगितलें गेलें आहे. उणीव एवढीच कीं, येथेंहि सोडविणारी आई आहे. सोडणारा श्याम अजून तिच्या आज्ञेंत आहे.

आश्चर्य असें कीं, वाङ्मयाला जें सुचलें नाहीं तें आमच्या आचाराला सुचलें होतें. मुंजीच्या दिवशीं सकाळीं मातृभोजन असतें. मुलगा आईच्या ताटांत तिच्याबरोबर शेवटचें जेवतो. त्यानंतर तो बटु. त्या प्रथेंत मुलींना स्थान नव्हतें आणि बहुजनांनाहि नव्हतें, त्यामुळें तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. पण तिच्यांतली एक समज मोलाची वाटते. ताट ओढून घेतलें जात नाहीं. शेवटचा घांस आईच्या हातचा असतो, आणि तो शेवटचा आहे हें दोघांनाहि ठाऊक असतें. सोडण्याला मान देण्याची ही रीति आठ वर्षांच्या मुलाबाबत आम्हांला कळली होती. तीन वर्षांच्या मुलाबाबत कळली नाहीं, कारण त्याच्याजवळ सोडण्याजोगें कांहीं असतें हेंच कोणाच्या मनांत आलें नाहीं. तें मनांत आणून देण्याचें कार्य पुढें आमच्याकडे बालशिक्षणाच्या चळवळीनें केलें. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं भय आणि मार यांना बालमंदिराबाहेर ठेवण्याचा आग्रह धरला, आणि १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डीला ग्रामीण मुलांसाठीं आपलें काम सुरू केलें. त्या विचाराचें तेज आमच्या शाळांत थोडेंफार उतरलें. ललित वाङ्मयांत त्याहूनहि थोडें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुलाला सर्व कांहीं आपल्या मनानें सोडूं द्यावें, तर मातापित्यांनीं करावयाचें काय? पक्के दांत येऊं लागल्यावरहि अंगठा तोंडांत राहिला तर दांत पुढें येतात, जबड्याची ठेवण बिघडते. मग वाट पाहात बसावें काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. अंगठा चोखणें गर्भांतच सुरू होतें, आणि पुष्कळ मुलें दोन ते चार वर्षांच्या दरम्यान तें आपण होऊन सोडतात. तसेंच सहा महिन्यांनंतर वरचें अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेंहि अंगावर पाजण्यास आरोग्यशास्त्राची संमति आहे. म्हणजे निसर्गानें या कामाला जेवढा वेळ दिला आहे तेवढाहि आम्ही देत नाहीं, ही आमची तक्रार. वेळ झाल्यावरहि सोडत नसेल तर यशोदेप्रमाणें सांगावें, पुन्हा सांगावें, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पण सांगतांना आपला पदर मुलाच्या तोंडावरून ओढून घेऊं नये.

हें सर्व लिहीत असतां आमच्याच घरांतील एक गोष्ट मनांतून जात नाहीं. घरांतल्या एका मुलीजवळ पणजीच्या लुगड्याच्या गोधडीचा फाटका तुकडा होता. त्याला ती ‘मऊ’ म्हणे. बालवाडींत जाण्याचे दिवस आले तेव्हां आम्हीं वडील मंडळींनीं ठरविलें कीं, आतां हें पुरे. प्रथम आम्ही तिला हंसलों; आणि एके दिवशीं ती खेळावयास गेली असतां तो तुकडा कपाटावर टाकून दिला. रात्रीं ती रडली नाहीं. तिनें एकदांच विचारलें, आणि कोणी उत्तर दिलें नाहीं, तेव्हां उशीच्या अभ्र्याचें टोंक मुठींत धरून भिंतीकडे तोंड करून निजली. तिचा हट्ट मोडला म्हणून आम्हांला प्रथम समाधान वाटलें. तिसऱ्या रात्रीं तिच्या आजीला तें भिंतीकडे वळलेलें तोंड पाहवेना. तिनें स्टूल घेऊन तुकडा खालीं काढला आणि कांहीं न बोलतां तिच्याजवळ ठेवला. आयुष्यभर वाङ्मयावर लिहिणाऱ्या आम्हांला जें कळलें नाहीं तें चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला कळलें.

पुढें वर्षभरानें तो तुकडा आम्हांस गॅलरींत दिसला. दोन खुर्च्यांच्या मध्यें त्याचें छत बांधून ती मुलगी आंत आपल्या मैत्रिणीबरोबर भातुकली मांडून बसली होती, आणि छताचें एक टोंक रंगानें माखलें होतें. आम्हीं विचारलें, ‘‘अग, हा तुझा मऊ ना?’’ तिनें वर पाहिलें, क्षणभर विचार केला, आणि ‘‘हो, तेव्हांचा,’’ म्हणून ती पुन्हा भात रांधूं लागली. तिनें तो कोणत्या रात्रीं सोडला हें आमच्यापैकीं कोणालाच सांगतां येत नाहीं. त्या रात्रीं कोणी तिच्याकडे पाहिलें नाहीं. मराठी लेखकांनीं, आणि विशेषतः आतां मोठ्या संख्येनें लिहूं लागलेल्या मातांनीं, त्या रात्रीकडे पाहावें एवढीच आमची विनंति आहे.